सरजाबाईचा उजवा हात

सरजाबाईचा हात वर गेला आणि भीमनगरात हापसा आला. पण हे तूर्त विसरा. असं काही झालेलंच नाही. हात खाली आहे, हापसा सरकारी गोदामात.

ताडकळसजवळच्या त्या गावात विद्यापीठाच्या नामांतराचं नुसतं नाव काढलं की वातावरण तापायचं. थंड करायला हापसा एकच, तोही सरपंच आबासाहेबांच्या दारापुढं. भीमनगराच्या बायका नदीवर जायच्या. तिथंच सरजाबाई घागरीसकट घसरली. घागर वाचली. उजवा खांदा सुजून बसला, हात छातीच्या वर जाईना.

सरजाबाई पंचायतीची मेंबर. भीमनगरात हापसा बसवायचा ठराव तिचाच. मतं हात वर करून मोजायची. तिचा हात उठायचा नाही, म्हणून दोन्हीकडं मतं सारखी पडायची. मग सरपंचाचं जादा मत आणि ठराव आडवा.

एकदा तिनं डावा हात वर केला.

"शुभ कामाला डावा हात?" आबासाहेब कळवळले. "मला चालंल गं, पण पाण्याला चालंल का? उजवा दुरुस्त करून ये, मग बघू."

बाजाराच्या दिवशी ताडकळसला परभणीचा डॉक्टर यायचा. सुई म्हटल्यावर सरजाबाई सवयीनं पालथी झोपली.

"बाई, दुखतंय कुठं?"

"खांद्यात."

"मग उठून बसा. सूज जिथं, औषध तिथं."

सुई थेट खांद्यात गेली. सरजाबाई विचारात पडली. "मंग इतकी वर्षं समद्या अंगाचा मार कुल्ल्यानंच खाल्ला म्हना की!"

पुढच्या बैठकीत ग्रामसेवकानं विचारलं, "ठरावाच्या बाजूनं?"

सरजाबाईचा उजवा हात उठला. छातीवरून, कानावरून, पार आढ्याकडं गेला. मतं मोजून झाली, ठराव पास झाला, चहा आला. हात वरच.

"कळालं की आता," आबासाहेब म्हणाले. "घे खाली."

"ऱ्हाऊ द्या, आबासाहेब. लय दिसांनी वर आलाय. जरा गाव बघायलाय."

भीमनगरातल्या हापशाचं पहिलं पाणी तिनं त्याच हातानं काढलं. त्याच दिवशी आबासाहेबांनी कलेक्टरसाहेबांना अर्ज धाडला: 'सदर बाईंच्या खांद्यात पंचायतीची पूर्वपरवानगी न घेता औषध टोचण्यात आले आहे. तरी ते त्याच सुईने परत काढून घेऊन हात पूर्ववत खाली करून मिळावा, ही नम्र विनंती.'