पहिला डोनट

लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी रक्त हवं असलं की सहकाऱ्यांपैकीच कुणीतरी द्यायचं आणि त्याबदल्यात गुलाबी खोक्यातला पहिला डोनट उचलायचा. आज पाळी गारोची. लुसीनने स्वतः घडवलेल्या पारदर्शक जेलच्या सूक्ष्म वाट्यांत त्याची एकेक पेशी बसवली. आजारी पेशीचीच वाटी हिरवी चमकते. संगणकाचा पडदा काळाच राहायला हवा होता. एक ठिपका उमटला, मग पडदाभर पुरळ उठावं तसे हिरवे ठिपके. “काय गं, बिघडल्या ना पुन्हा तुझ्या वाट्या?” डोनट चावत गारोने रोजचा टोमणा मारला. “हो रे, वाट्याच बिघडल्यात,” ती घाईने म्हणाली. रोज भांडणारी लुसीन आज भांडली नाही. गारो पडद्याजवळ येऊन पाहत राहिला. “तुझ्या वाट्या कधीच चुकल्या नाहीत,” तो हळूच म्हणाला. उष्टा डोनट त्याने परत खोक्यात ठेवला.