गिलावा नसलेला टाऊन हॉल

मंगळवारी सकाळी सत्तार मिस्तरींनी चहाचा कप बाजूला सारला आणि नगरपालिकेची नोटीस मुलीपुढे ठेवली.

"वाची दखाड बेटा. काय लिखेल शे?"

नईमा कॉलेजात इतिहास शिकवायची. तिने वाचून दाखवलं. टाऊन हॉल पाडून तिथे दुकानं होणार. कुणाची हरकत असेल तर शुक्रवारी अकरा वाजता हॉलमध्येच सुनावणी. सोबत तज्ज्ञांचा अभिप्राय जोडला आहे.

"अभिप्रायमां काय शे?"

"इमारत जतन करण्यासारखी नाही, असं."

मधलं एक वाक्य तिने गाळलं. 'बांधकाम अपूर्ण, भिंतींना गिलावाही नाही.'

"कोन शे हाऊ तज्ज्ञ?"

"नाव दिलेलं नाही."

नाव खरंच दिलेलं नव्हतं. अभिप्राय तिचा होता. मार्चमध्ये पालिकेने तिच्याकडून गावातल्या जुन्या वास्तूंची यादी करून घेतली होती. दगडी घाट, दर्गा, कोरीव खांबांची दोन घरं तिने आतबाहेर फिरून पाहिली. टाऊन हॉलची नोंद मात्र रस्त्यापलीकडे स्कूटी थांबवून, खाली न उतरताच लिहिली.

मिस्तरी हसले. "मंग तो रस्तावरथीनच दखीसन ग्या व्हई."

पन्नास वर्षांपूर्वी त्या हॉलचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे फळ्यांचे साचे, त्यांनी केलं होतं. काँक्रीट उघडंच ठेवायचं, फळ्यांचे ठसे दिसू द्यायचे, असं इंजिनियरचं म्हणणं होतं. म्हणून मिस्तरींनी सागाची एकेक फळी स्वतः रंधा मारून लावली. गावाला दिसलं ते एवढंच, की गिलावा केलेला नाही. ठेकेदार आणि मिस्तरी मिळून गिलावा खाऊन गेले, असं ठरून गेलं. अजून टपरीवर कुणी ना कुणी विचारायचंच, "मिस्तरी, पलस्तर पचनं का?" तेही सगळ्यांबरोबर हसायचे.

"शुक्रवारले तू चाल मन्हासंगे," ते म्हणाले. "तू बोल. तुन्ही भाषा शुद्ध शे. मन्हं कोन ऐकी?"

"शुक्रवारी मला पेपरची ड्युटी आहे, अब्बा."

"बरं." ते कप विसळायला उठले.

ड्युटी शनिवारी होती.

बुधवारी पहाटे नमाजाआधी वजू करता करता ते कोसळले, ते गेलेच.

शुक्रवारी तिसरा दिवस. घरात बायका कुराण वाचत बसल्या होत्या. अकराला दहा मिनिटं असताना नईमा उठली आणि तिने चपला घातल्या. मावशीने हाक मारली, तरी ती थांबली नाही.

हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. ती मागच्या कोपऱ्यात भिंतीलगत बसली. भिंतीवर लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या, गाठींसकट. कोपऱ्यापाशी एका भिंतीवरची रेष न तुटता दुसऱ्या भिंतीवर वळली होती. त्यासाठी एकाच ओंडक्याच्या फळ्या ओळीने जपून ठेवाव्या लागतात. घाटाच्या दगडी सांध्यांवर तिने दोन पानं लिहिली होती.

"वारसा म्हणजे किल्ला, बारव," कापडदुकानदार हेमकांत बोलत होते. "हाई काय शे? उन्हायामां भट्टी, पावसायामां गयती. आजूबी लोके गोडाऊन समजीसन सिमेंट लेवाले येतस."

सगळे हसले. मग कुणीतरी मागे पाहिलं, हेमकांतना कोपर मारलं, आणि हसू थांबलं.

"तज्ज्ञांचा अभिप्राय स्पष्ट आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "हरकत आहे कुणाची?"

भिला उभा राहिला. जन्मभर मिस्तरींच्या हाताखाली काम केलेला म्हातारा.

"मिस्तरी येनार व्हतात, साहेब. मिस्तरीच बोलनार व्हतात. मी फळ्या धऱ्यात. माले बोलता येत नही." आणि खाली बसला.

नईमा उठली.

"मॅडम, तुम्ही?" मुख्याधिकाऱ्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "पण हा अभिप्राय तर..."

"माझा आहे," ती म्हणाली. "रस्त्यावरून पाहून लिहिला. आत आले नव्हते."

मुख्याधिकाऱ्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"हॉल गळतो, हे खरं आहे. उन्हाळ्यात बसवत नाही, हेही खरं. पण बांधकाम अपूर्ण आहे, हे खोटं आहे."

"मग ते वाक्य काढून टाकू का?"

"काढू नका. त्याच्याखाली माझं नाव लिहा. आणि माझी हरकत वेगळ्या कागदावर घ्या."

कारकुनाने छापील अर्ज पुढे ओढला. त्याने तिचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. "इमारतीशी संबंध?" त्याने मान वर न करता विचारलं. "इतिहास संशोधक लिहू?"

ती मिस्तरींची मुलगी, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. शाळेत मुली हॉल कुणी बांधला विचारायच्या तेव्हा ती विषय बदलायची. पुढेही तिने स्वतःहून हॉलचं नाव कधी कुणापुढे काढलं नाही, घरात अब्बांपुढेही नाही.

"नही," ती म्हणाली. आवाज छतापर्यंत गेला. "मन्हा बापनं काम शे हाई."