पाचवी गाडी

“इंजिन धुतलंय,” मामा म्हणाले. “धुतलेलं इंजिन आणि धुतलेलं चारित्र्य, दोन्ही जरा लांबूनच बघावं.”

जुन्या गाड्यांचा एजंट मिशीतल्या मिशीत काहीतरी बोलला. मामांना ते कळलं नाही. मिशीवाल्यांचं बोलणं हल्ली त्यांना अजिबात कळत नसे. सफाचट माणसाचं निम्मं कळे, तेही तोंड समोर असलं तर. कानांची नसच गेली आहे, असं डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी कागदावर लिहून दिलं होतं, कारण तोंडी सांगून उपयोग नव्हता. तो कागद घरात फक्त मामींनी वाचला होता.

बाकी जगासाठी मामांचा कान शाबूत होता. नुसता शाबूत नव्हे, प्रसिद्ध. गेली पस्तीस वर्षं नात्यागोत्यात, शेजारीपाजारी मामांनी इंजिन ऐकल्याशिवाय कोणी जुनी गाडी घेतली नव्हती. लग्नं त्यांना न विचारता ठरत. गाड्या नाही.

भाची फाटकापाशी उभी होती. परवापासून तिची नवी नोकरी, तीस किलोमीटरवरच्या कारखान्यात, पाळी सकाळी सहाची. त्या वेळेला त्या रस्त्याला बस नाही. आणि पंधरा दिवसांत मामांनी चार गाड्या, इंजिनातले टॅपेट वाजतायत म्हणून, नापास केल्या होत्या. त्यातली दुसरी मागच्या गल्लीतल्या मास्तरांनी घेतली. ती रोज याच फाटकावरून जायची, कसलीही कुरकुर न करता.

“मामा, ही तरी पास करा हो,” भाची म्हणाली. “परवा मी काय पळत जाऊ?”

मामा तिच्या ओठांकडे बघत होते. “घाईनं गाडी घेणारा सावकाश पस्तावतो,” ते म्हणाले, आणि पुढे बोलतच राहिले. बोलत राहिलं की ऐकावं लागत नाही. मीटर खोटं बोलतं, पेडलचं रबर खोटं बोलत नाही. जुन्या गाडीला चारही टायर कोरे दिसले, की समजावं, मालकाला आपलं लक्ष खालीच ठेवायचंय. पायाखालची मॅट उचलून गंज बघावा. गाडी घेतल्यावर तिला कव्हर घालू नये, कव्हराखाली गाडीपेक्षा ओलच जास्त सुखात राहते. आणि सकाळी चालू केल्या केल्या पळवू नये. झोपेतून उठवून कोणाला कोणी धावायला लावतं का?

“अहो,” दारातून मामी म्हणाल्या आणि त्यांनी हाताने चौकाकडे खूण केली, “एकदा तिथल्या मेकॅनिकला दाखवूया ना.”

हे मात्र मामांना बरोबर कळलं. “मेकॅनिकला? मी मेल्यावर.”

ऐकू येत नाही असं एकदा तोंडातून गेलं, की उद्यापासून या फाटकाशी कोणी गाडी थांबवणार नाही. निवृत्त माणसाच्या दारात थांबायला लोकांना दुसरं कारण काय? त्यापेक्षा ‘नको’ म्हणणं सोपं होतं. नाकारलेल्या गाडीत खरंच दोष होता का, हे तपासायला कोणी जात नाही.

त्यांनी बॉनेट वर केलं, हवेत बोट फिरवून एजंटला ‘चालू कर’ अशी खूण केली, हात मागे बांधले, डोळे मिटले आणि मान तिरपी करून ते इंजिनावर वाकले. एजंट आत जाऊन बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलतच बसला.

मामा ऐकत होते. चांगलं मिनिटभर ऐकलं. मध्येच डावी भुवई चढली, मग ओठ मुडपले, मग एक सुस्कारा आला.

“टॅपेट वाजतायत,” डोळे उघडून ते म्हणाले. “नको.”

एजंटने फोन कानापासून दूर धरला. “काका, अजून किल्लीच फिरवली नाही हो!”

मामांना मिशी हललेली दिसली.

भाचीला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विझलं. तिला पहिल्या चार गाड्यांचे टॅपेट आठवले. तिने मामींकडे पाहिलं. मामी उंबऱ्याकडे बघत होत्या.

“चालू करा,” ती एजंटला म्हणाली.

मामा बॉनेट पाडायला पुढे झाले होते. आधारासाठी त्यांनी मडगार्डवर हात टेकला. पत्रा निपचित होता. मग तो हाताखाली एकदम थरथरायला लागला. मामांनी पत्र्याकडे पाहिलं, एजंटच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग भाचीच्या चेहऱ्याकडे.

“बंद असताना जी आवडली नाही,” ते म्हणाले, “ती चालू झाल्यावर काय आवडणार?”

वाक्य चांगलं होतं. एरवी नातेवाईक ते आठवडाभर एकमेकांना सांगत बसले असते. आत्ता कोणी हसलं नाही.

भाची त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. रागाने तिचे डोळे भरले होते. पण ती ओरडली नाही. काचेपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मामा. परवा गेले नाही तर ती नोकरी दुसऱ्या कोणाला देतील. ही गाडी घेऊ का?”

मामांचा हात अजून मडगार्डवरच होता. आता त्यांनी दुसराही पुढे केला आणि इंजिनावरच्या झाकणाला तळवा लावला. झाकण हळूहळू कोमट झालं. थरथर एकसारखी येत होती. कुठे ठेच नाही, कुठे दम लागणं नाही. एजंट घड्याळ बघायला लागला. मामी उंबरा ओलांडून अंगणात आल्या होत्या.

“घे,” मामा म्हणाले. “हाताला चांगली लागतेय. कानाने मला काही ऐकू येत नाही.”

हे आपण किती मोठ्याने म्हणालो, ते त्यांना कळलं नाही. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.