सोपी कादंबरी

दादासाहेबांनी कादंबरी मिटून बाजूला टाकली. ही तिसरी खेप. तिसऱ्यांदाही गाडी चाळिसाव्या पानाच्या पुढं सरकली नव्हती.

शहाण्णव साल होतं. शेळगावच्या वाचनालयाचे ते अध्यक्ष. लढाया, खून, खजिने असलेली जाडजूड पुस्तकं त्यांनी बसल्या बैठकीला फस्त केली होती. पण रविवारी इंदापूरच्या मेळाव्यात त्यांना बोलायचं होतं ते या नव्या कादंबरीवर, आणि हिच्यात काही घडतच नव्हतं. नवरा चहा पितो, बायको खिडकीतून बघते. चाळीस पानं झाली तरी चहा संपेना.

या लेखकाला लिहिता येत नाही, असं मेळाव्यात ठणकावून सांगणार असल्याचं त्यांनी बायकोला ऐकवलं.

बानूबाई ओट्यावर पेरूच्या पाट्या भरत होत्या. "वंगाळ न्हाय ती," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचली मी."

दादासाहेब बघतच राहिले. सातवी शिकलेली बाई. पिकाला पाणी धरलं की पुस्तक घेऊन बांधावर बसते, एवढं त्यांना ठाऊक होतं. काय वाचते, ते कधी विचारलं नव्हतं. चहानंतर पुढं काय होतं, हे त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं; तेवढ्यावर भाषण निभलं असतं. बानूबाईंनी साफ नकार दिला. पहिल्या खेपेला आपल्यालाही काही उमगलं नव्हतं, सावकाश वाचली तेव्हा लागली, इतकंच सांगितलं.

"अगं, पण एवढी अवघड कादंबरी तुला कळली कशी?"

"अवघड काय हाय तिच्यात? नवरा-बायकू वीस वर्सं एका घरात ऱ्हात्यात आन् एकमेकाशी धड बोलत न्हाईत. मला सोपी गेली."

दादासाहेबांनी पुस्तक उचललं आणि पहिल्या पानापासून धरलं. या खेपेला घाई केली नाही. कादंबरीतली बायको खिडकीशी उभी राहिली की तेही थांबायचे, ती काय बघत असेल याचा विचार करायचे. चाळिसावं पान कधी मागं पडलं, कळलं नाही. पेरूचा टेम्पो बारामतीला गेला, दिवस कलला.

मग पानात बोट घालून ते उठले आणि चुलीजवळ जाऊन उभे राहिले.

"तुला काय बोलायचं हाय का?"

बानूबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "कितव्या पानावर आलाय?"

"सत्तर."

"मंग वाचा अजून."