अकरावी सायन्स

“पोरीला आर्टला टाकायचं, गुरुजी. तेवढा अर्ज लिहून द्या.” बाबूसिंगनं कोरा कागद टेबलावर ठेवला. “तिला सायन्स झेपून न्हाई राहिलं.”

रविवार होता. शाळेत अमृतराव गुरुजींशिवाय कोणी नव्हतं. बाबूसिंगच्या मागं त्याची पोरगी दिपा उभी होती. खांद्याला पिशवी, नजर फरशीवर. दोन महिन्यांपूर्वी ती हिंगोलीच्या कॉलेजात अकरावीला गेली होती. तांड्यावरून सायन्सला गेलेली ती पहिलीच.

“किती पडले?” गुरुजींनी विचारलं.

“फिजिक्सला पंचवीसपैकी तीन.” तिचा आवाज खाली गेला. “दहावीपर्यंत सगळं मराठीत होतं. आता सगळं इंग्रजीत. सर बोलतात, मी नुसती उतरवून घेते. काय उतरवलं ते माझं मलाच कळत न्हाई.”

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

“पुस्तक आणलंस? वाच बरं, कुठलं पण पान.”

दिपानं पुस्तक उघडलं. “व्हेन अ बस स्टार्ट्स सडनली, द पॅसेंजर्स फॉल बॅकवर्ड ड्यू टू इनर्शिया.” कुठं न अडखळता वाचलं.

गुरुजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “आणखी एकदा. सावकाश.”

तिनं पुन्हा वाचलं. गुरुजींनी खणातून शब्दकोश काढून तिच्याकडे सरकवला. “सडनली काढ. मला त्याचं स्पेलिंग येत न्हाई.”

“अचानक,” दिपानं शोधून सांगितलं. “आन् बॅकवर्ड म्हणजे मागं.”

“बस अचानक सुटली की माणसं मागं पडतात. बरं. आता इनर्शिया ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाची बैलगाडी घे. बैलांनी एकदम हिसका दिला तर गाडीतल्या माणसाचं काय होतं?”

“उताणं पडतं,” बाबूसिंग मधेच बोलला.

“काहून?”

दिपानं मान वर केली. “गाडी निघालेली असते, माणूस अजून थांबलेलाच असतो. जडत्व! गुरुजी, हे तुमीच शिकवलंय, सातवीत.”

“मग येतं की तुला.”

ती त्या ओळीकडे बघत राहिली. “एवढंच होतं व्हय हे?” तिचे डोळे भरून आले. राग आला होता तिला, कोणाचा ते कळत नव्हतं.

गुरुजींनी खणातून आणखी एक पुस्तक काढलं. रंगीत चित्रांचं, पातळ. यंदापासून, म्हणजे सन दोन हजारपासून, पहिलीला इंग्रजी आलं होतं.

“ट्रेनिंगला जाऊन आलो. चार दिवस टाळ्या वाजवून गाणी म्हटली. पण वर्गात उभा राहिलो की नुसती चित्रंच दाखवतो. तू आत्ता वाचलंस, तसं एक वाक्य मला वाचता येत न्हाई, पोरी. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, ढकलली असती. पण ह्या लेकरांची पहिली एकदाच असते.”

बाबूसिंगनं बाहेर मैदानाकडे बघितलं. गुरुजींना असं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“दर रविवारी येत जा,” गुरुजी म्हणाले. “तू वाच, अर्थ दोघं मिळून काढू. इंग्रजीचं पुस्तक आहे का? त्यातलं कायतरी घे आता.”

तिनं कॉम्प्युटरवरचा धडा काढला. कॉम्प्युटर तिघांपैकी कोणीच पाहिलेला नव्हता. इन्फर्मेशन म्हणजे माहिती, इथवर बराबर जमलं. पुढं नेटवर्क आलं. शब्दकोशात लिहिलं होतं, जाळं.

“मासे धरायचं?” बाबूसिंगनं विचारलं. गावाजवळच्या धरणावर रोज तेच दिसायचं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “कालव्यासारखं असंल. धरणातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून ज्याच्या त्याच्या शेतात. तशी ही माहिती सगळीकडं जात असंल.”

“पण गुरुजी, आमच्या तांड्याची चारी शेवटची,” दिपा म्हणाली. “तिथवर पाणी येतच न्हाई.”

उत्तर बाबूसिंगनं दिलं.

“मग आमी काय करतो? घरी बसून ऱ्हातो काय? वर चालत जातो. पार कालव्याच्या गेटापर्यंत, पाणी सोडवून आणायला.”

बोलून तो थांबला. पोरीकडे बघितलं. मग टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला.

“चल. चारची गाडी निघून जाईल.”

मंगळवारी फिजिक्सचा तास होता. सरांनी फळा भरून समीकरणं लिहिली, हात झटकले आणि रोजच्यासारखं विचारलं, “एनी डाउट?” ऐंशी पोरं रोजच्यासारखी गप्प राहिली.

दिपा उभी राहिली. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

“सर, आय ॲम नॉट अंडरस्टँड. वन्स मोअर, प्लीज.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. तमाशात ओरडावं तसं कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” सगळा वर्ग पुन्हा हसला. दिपाचे कान तापले. पण ती बसली नाही. हसणं संपेपर्यंत थांबली आणि तेच वाक्य, त्याच चुकीसकट, पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली.

सरांनी डस्टर उचललं. “फ्रॉम व्हेअर?”

“फ्रॉम बिगिनिंग, सर.”

सरांनी सगळा फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. वर्गात आता कोणी हसत नव्हतं. मागच्या बाकांवरून फक्त वह्या उघडल्याचा आवाज येत होता.