लॅपटॉपला हात लावू नकोस

लिनक्स सर्व्हरच्या अधिकारांच्या फाइलीत धाकट्याची एक ओळ चुकली आणि सर्व्हरने सगळ्यांचेच अॅडमिनचे अधिकार काढून घेतले. त्याच सर्व्हरवरून चालणारी कारखान्यातली यंत्रं सुरू करणं कुणाच्या बापाला जमेना. मालक म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याने आल्या आल्या अख्ख्या ऑफिससमोर धाकट्याच्या मुस्काटात भडकावली.

“दादा, एक मिनिट ऐक...”

दुसरी बसली, ओठ फाटला. तोंड वाचवायचं सोडून धाकट्याने लॅपटॉप छातीशी कवटाळला.

“खाल्लेलं शेण लपवतोस होय रे त्यात?”

“मला हवं तेवढं मार. पण लॅपटॉपला हात लावू नकोस!”

दादाचं डोकंच फिरलं. त्याने पोटात लाथ घातली, लॅपटॉप हिसकावला आणि भिंतीवर आपटून त्याचा चुरा केला.

“आता बोल! कधी चालू होतंय?”

धाकट्याने बाहीने रक्त पुसलं.

“त्या फाइलीला हात लावण्याआधी मी अॅडमिनचं एक लॉगिन उघडं ठेवतो, दादा. चुकलंच तर दुरुस्त करायला. सगळ्यांचे अधिकार गेले, तरी तेवढं एक शाबूत होतं, ह्या लॅपटॉपवर.”

दादा वाकून भिंतीखालचे तुकडे गोळा करू लागला.

“ओळ दुरुस्त करून झाली होती. सेव्ह करणार, तेवढ्यात तू आलास.”