पेला

"नवऱ्याचं नाव लागलं म्हणजे आपलंच लागलं गं," आई फार पूर्वी म्हणाली होती, आणि तिला ते पटलंही होतं. अर्धांगानं आडव्या झालेल्या सासूबाईंना ठसका न लागता घोट घोट पाणी जावं, म्हणून वाकड्या तोटीचा पेला घडवला तिनं. पेटंट मात्र नवऱ्याच्या नावावर निघालं, आणि चारचौघांत तोही ‘माझा पेला’ म्हणत मिरवू लागला.

आता एका बड्या कंपनीनं तो पेला हुबेहूब उचलला होता. दावा लावण्यापायी नवऱ्यानं पोटापाण्याचं लेथ मशीन विकलं. त्या दोघांच्या वकिलांनी बजावलं होतं, "शोध दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर पेटंट रद्द. मग दाव्यात काही उरणार नाही."

"तोटीच्या आत हा उंचवटा कशाला?" कोर्टात कंपनीच्या वकिलानं नवऱ्याला विचारलं.

"लुळ्या ओठाकडून पाणी सांडू नये म्हणून," नवरा घडाघडा बोलला. तिनंच तर पढवलं होतं. तिच्या जिवात जीव आला.

"वा! म्हणजे आईला पाणी तुम्हीच पाजत होता?"

त्यानं मान वर केली. समोरच्या बाकावरून ती डोळ्यांनीच विनवत होती, अहो, हो म्हणा.

 

"नाही, साहेब. मी आईच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नव्हतो. पेला हिनं केलाय."